काळी माती, मुरूम आणि सागाचा पाला: विदर्भातल्या वाटांसाठी ट्रेल शूजची पारख

ट्रेल शूजची, म्हणजे कच्च्या वाटांवर धावायच्या जोड्यांची, जी परीक्षणं वाचायला मिळतात ती बहुतेक सह्याद्रीच्या, नाहीतर थेट आल्प्सच्या हिशेबाने लिहिलेली असतात. ती वाचून आर्वी, दारव्हा किंवा मूर्तिजापूरच्या धावकाने शूज मागवला, की हातात येतो खोल दातांचा, मऊ रबराचा, चिखलासाठी घडवलेला जोडा. घराबाहेर मात्र आठ महिने कडक मुरूम, गिट्टी, ढेकळं आणि बाभळीचे काटे. उरलेले चार महिने तर अशी माती, की तिच्यापुढे कुठल्याच कंपनीचं काही चालत नाही. इथे शूज घ्यायचा तो माती बघून.

निकाल आधीच सांगून टाकतो. विदर्भात राहणाऱ्या आणि एकच जोडी घेऊ शकणाऱ्या माणसासाठी साडेतीन ते साडेचार मिलिमीटर उंचीचे, एकमेकांपासून लांब बसवलेले दात, पंजाखाली रॉक प्लेट, पाणी न अडवणारी पण घट्ट विणीची जाळी आणि साधी नाडी, एवढं असलेला शूज पुरे. ब्रँड त्यानंतर. कारणं पुढे आहेत आणि ती कारणं महत्त्वाची, कारण मॉडेलं दरवर्षी बदलतात, वाटा तशाच राहतात.

तळाला रबराचे जे दात असतात त्यांना कंपन्या लग म्हणतात. रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीकडे चालणाऱ्या शूजला ते २ ते ३ मिमी असतात, सर्वसाधारण ट्रेल शूजला ३.५ ते ४.५, चिखलाच्या शूजला ५ ते ८. रॉक प्लेट म्हणजे तळाचं रबर आणि वरचा फोम यांच्यामध्ये बसवलेला नायलॉन किंवा टीपीयू नावाच्या प्लास्टिकचा पातळ पत्रा. ड्रॉप म्हणजे टाचेखालची जाडी आणि पंजाखालची जाडी यांतला फरक. हे आकडे डब्यावर किंवा वेबसाइटवर मिळतात. रबर मऊ आहे की कडक, हे मात्र सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. मऊ रबर ओल्या दगडाला धरतं पण भराभर झिजतं. कडक रबर टिकतं, पण ओलं झालं की निसटतं. अंगठ्याचं नख दाताच्या कडेत दाबून बघा. खूण उमटून हळूहळू भरून आली तर रबर मऊ, उमटलीच नाही तर कडक.

काळी माती

यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, बुलढाणा या पट्ट्यातली भारी जमीन बेसाल्ट झिजून झालेली आहे. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. ही चिकणमाती माँटमोरिलोनाइट जातीची, म्हणजे पाणी पिऊन फुगणारी आणि वाळली की आकसणारी. त्यामुळे तीच पांदण पावसाळ्यात एक वाट असते आणि उन्हाळ्यात दुसरीच.

पावसाळ्यात दातांमधल्या फटी पहिल्या काही पावलांतच भरतात. त्यानंतर दात पाचचे असोत की आठचे, जमिनीला टेकतो तो मातीचा गुळगुळीत थर. त्या मातीला आणखी माती चिकटत जाते, तळ रुंद होतो, पाय जड होतो, आणि जड पाय उचलताना पोटरी आणि मांडीच्या मुळाशी ताण येतो. इथे बहुतेक लोक समजतात की आपले दात कमी पडले आणि पुढच्या वेळी आणखी खोल दातांचा शूज शोधतात. कमी पडतात त्या फटी. दात विरळ असले तर टणक जागी पाय आपटून थोडी तरी माती सुटते. दात दाट असले तर काडीने कोरल्याशिवाय निघत नाही. तळाला तेल किंवा सिलिकॉन स्प्रे लावण्याचा सल्लाही मिळतो. तो काही मिनिटं चालतो, आणि पुढे ओलं डांबर किंवा दगड लागला की अंगाशी येतो.

ब्रिटनच्या इनोव्ह-८ कंपनीचा मडक्लॉ हा ८ मिमी दातांचा शूज चिखलाचा राजा मानला जातो. तो तिकडच्या ओल्या, गवताळ डोंगरांसाठी आहे. तिथला चिखल पातळ; दात त्यातून आरपार जाऊन खालच्या घट्ट थराला पकडतात. आपल्या भारी वावरात घट्ट थर वीतभर खालीही सापडत नाही. तेव्हा काळ्या मातीसाठी म्हणून चिखलाचा शूज घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

खरा उपाय वाट बदलणं हाच. जोराचा पाऊस उघडला की भारी जमिनीतली पांदण वाफसा येईपर्यंत सोडून द्या. वखर घालता येत नाही अशा जमिनीत धावताही येत नाही. त्या दिवसांत मुरमाचा रस्ता, बरड टेकाड किंवा नहराची पाळ पकडा. पेंचच्या आणि गोसीखुर्दच्या कालव्यांलगत जिथे मुरूम टाकलेला रस्ता आहे तिथे पाणी लवकर निचरतं आणि चढउतारही नसतो. पांदणीतून जाणं टळतच नसेल तर ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांच्या मधली गवताची पट्टी धरा. गवताची मुळं माती बांधून ठेवतात, तळाला कमी लागते.

उन्हाळ्यात हीच जमीन तडकते. एप्रिल-मेमध्ये भेगा दोन-तीन बोटं रुंद होतात, कुठे कुठे पंजाची कड आत जाईल इतक्या. नांगरटीनंतरची ढेकळं पहिल्या पावसापर्यंत फुटत नाहीत. अशा जमिनीवर दातांना कामच नाही. तळाची रुंदी आणि उंची काय आहे ते बघायचं. टाचेखाली ३५-४० मिमी फोम असलेला शूज डांबरावर सुखाचा वाटतो, पण ढेकळावर कलंडतो आणि घोटा मुरगळतो. ढेकळांच्या वाटेला २५ ते ३० मिमीची जाडी आणि पंजाखाली रुंद तळ हे जास्त भरवशाचं.

मुरूम, गिट्टी आणि काटा

दाबून बसलेला मुरूम ही धावण्यासाठी विदर्भातली सगळ्यांत चांगली जमीन, आणि तिच्यावर ट्रेल शूज लागतोच असं नाही. पोलीस भरतीच्या १६०० किंवा ८०० मीटरची तयारी करणारी पोरं-पोरी गावच्या मैदानावर सेगा किंवा निव्हियाचे हलके शूज घालून धावतात. त्या कामाला तेच योग्य. तिथे तीनशे ग्रॅमचा ट्रेल शूज घालून सेकंद गमावण्यात अर्थ नाही. वनरक्षकाच्या ५ आणि ३ किलोमीटरसाठीही तसंच, जमीन सपाट असेल तर. पण तोच पातळ शूज घालून पांदणीत किंवा टेकडीवर शिरलात, की गिट्टीचा प्रत्येक खडा पायाला कळतो आणि काटा तर सरळ आत येतो.

मुरूम सुटा झाला, विशेषतः उतारावर, की खडे तळाखाली गोळ्यांसारखे फिरतात. इथे ३.५ ते ४ मिमी दात बरोबर बसतात. पाचाच्या वर गेलात तर कडक जमिनीवर दात वाकतात, पाय हलल्यासारखा वाटतो आणि रबर लवकर उडतं. खडीकरण झालेल्या पण अजून डांबर न पडलेल्या रस्त्यावर सुट्या गिट्टीच्या धारा पंजात घुसतात; तिथे रॉक प्लेट नसलेला शूज दहा किलोमीटरनंतर तळवा हुळहुळा करून सोडतो. प्लेट आहे की नाही हे दुकानात ओळखायला शूज उलटा धरा आणि पंजाच्या मधोमध अंगठा जोरात दाबा. आतून बोटाला दाब टोकदार कळला तर प्लेट नाही. पसरट कळला तर आहे.

काट्याचा विचार मात्र कुठलंच परदेशी परीक्षण करत नाही. आपल्याकडे धुऱ्याला बाभळी-बोरीच्या फांद्यांचं कुंपण असतं. त्या फांद्या ओढत नेताना काटे पांदणीवर सांडतात, वाळतात आणि वर टोक करून पडून राहतात. बाभळीचा काटा पाच सेंटीमीटरपर्यंत लांब असू शकतो. फोम त्याला अडवत नाही. दात जिथे आहे तिथे रबर जाड, पण दातांमधल्या फटीत ते एक-दोन मिमीच उरतं, आणि काही हलक्या शर्यतीच्या शूजमध्ये वजन वाचवायला मधल्या भागातलं रबर पूर्ण कापलेलं असतं, फोम उघडा दिसतो. काटा शिरतो तो तिथूनच. शूज घेण्याआधी उलटा करून बघा: तळाला रबराचा अखंड थर असेल तर घ्या, रंगीत फोमच्या खिडक्या दिसत असतील तर पांदणीसाठी नको. रॉक प्लेटही सहसा पंजापुरतीच असते, टाचेखाली नसते, हे लक्षात ठेवून चाला.

काटा शिरलाच तर पकडीने, ज्या दिशेने गेला त्याच दिशेने उलटा ओढा. वाकडा ओढला की टोक आत मोडतं. मोडलेलं टोक त्या दिवशी बोचत नाही. दर पावलाला वर सरकत सरकत काही दिवसांनी इन्सोलमधून, म्हणजे आतल्या सुट्या गादीतून, डोकं काढतं आणि तेव्हा माणूस काटा शोधतो दुसरीकडेच. इन्सोल काढा, आत कापसाचा बोळा फिरवा. जिथे तंतू अडकतील तिथे टोक. कापूस शोधायला विदर्भात लांब जावं लागत नाही. टोक सापडलं की खालून खिळ्याने वर ढकलून पकडीने काढा आणि छिद्रावर सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनचा एक थेंब सोडा. सराटे त्या मानाने गरीब, रबरातच अडकून बसतात. पण घरात शूज आणला की गळून बिनचपलेच्या पायाची वाट बघतात.

तुरीच्या वावरातून आडवं जाण्याची हौस असेल तर जानेवारीनंतर जपा. तूर विळ्याने तिरपी कापतात, आणि मागे राहिलेलं धसकट जमिनीपासून चार बोटं वर, धारदार असतं. त्याला फक्त पुढचं टणक रबरी टोक अडवतं. हे टोक बोटांच्या पुढेच नाही, करंगळीच्या बाजूनेही आलेलं असावं. पातळ जाळी असलेला शूज धसकटाने एका फटक्यात फाटतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर कुसळीचा हंगाम. कुसळाला ओल लागली की त्याच्या शेपटाचा पीळ सुटायला लागतो आणि त्या फिरण्याने टोक आत भोक पाडत जातं, म्हणून दवाच्या सकाळी त्रास जास्त. मोठ्या छिद्रांची हवेशीर जाळी उन्हाळ्यात बरी वाटते, कुसळीत नकोशी होते. घट्ट विणीची जाळी थोडी गरम पडते, पण धूळही अडवते; वर्षभराचा हिशेब केला तर तीच बरी. जिभेच्या दोन्ही बाजू आतून शिवलेल्या आहेत का तेही बघा, कारण कुसळ आणि मुरमाचे खडे तिथूनच शिरतात. गेटर, म्हणजे शूजच्या गळ्यावर बसणारं कापडी आवरण, मिळाले तर उत्तम. नाहीतर जुन्या लांब मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी शूजच्या गळ्यावरून ओढून घेतली तरी निम्मं काम होतं.

मेळघाट आणि टेकड्या

चिखलदऱ्याचं पठार सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि सातपुड्याचा हा भागही बेसाल्टचाच. पण इथे माती पातळ आणि दगड वर. जुलै ते सप्टेंबर दगडावर शेवाळ धरतं, वाटा पाण्याखाली असतात, धुकं पडलं की पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. विदर्भात खोल दात आणि मऊ रबर या दोन्हींचा पैसा वसूल होतो तो या एका जागी. तरी शेवाळलेल्या सपाट दगडावर कुठलंही रबर घसरतं. व्हायब्रम कंपनीच्या मेगाग्रिपसारखं रबर ओला दगड धरतं, ओलं शेवाळ नाही. अशा दगडावर पाऊल सपाट आणि लहान टाका, टाच आधी टेकवू नका.

फेब्रुवारी ते मे चित्र बदलतं. सागाची पानं गळून वाटेवर थर बसतो. एकेक पान सुपाएवढं, खाली दगड की खड्डा काही कळत नाही, आणि पानावर पान सरकतं. दात पानात रुततात पण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून उतारावर खोल दातांचा फारसा उपयोग नाही. उलट जमिनीचा अंदाज पायाला यावा इतका पातळ तळ आणि करंगळीकडून चढवलेली टणक कड उपयोगी पडते.

एक गोष्ट शूजइतकीच महत्त्वाची. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीत मनाला येईल तिथे पायी शिरता येत नाही. परवानगीशिवाय धावणं हा गुन्हा आहे, आणि वाघ, बिबट, अस्वल यांना तुमच्या सरावाचं वेळापत्रक माहीत नसतं. धावायचं ते गावाजवळच्या, वहिवाटीच्या वाटांवर, उजाडल्यावर आणि शक्यतो दोघा-तिघांनी. रामटेकच्या गडासारख्या जागी दगडी पायऱ्याही असतात. माणसांच्या वावराने गुळगुळीत झालेल्या पायरीवर खोल दातांचा शूज कमी रबर टेकवतो आणि जास्त घसरतो. तिथे २-३ मिमीचा बरा.

धानाच्या पट्ट्यात

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे प्रश्न चिकटण्यापेक्षा भिजण्याचा. बांधीच्या धुऱ्यावरून धावताना एक पाऊल चुकलं की पाय पाण्यात. सिहार, बरडी जमिनी हलक्या, लवकर निथळतात. कन्हार मात्र काळ्या मातीची सख्खी बहीण. इथे गोअरटेक्सचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या अस्तराचा, नावापुढे जीटीएक्स लिहिलेला शूज घेऊ नका. पाणी वरून, घोट्याकडून शिरतं आणि मग बाहेर पडायला जागाच राहत नाही. पाय तासन् तास पाण्यात राहून कातडी पांढरी पडते, फोड येतात. उन्हाळ्यात ४५ अंशांना त्याच शूजमध्ये घामाचं तेच होतं. साधी जाळी भिजते आणि शंभर-दोनशे पावलांत पाणी फेकूनही देते. सोबत कापसाचे मोजे टाळा, पॉलिएस्टर किंवा लोकरमिश्र घ्या. कापूसपट्ट्याने हे ऐकून घेणं कठीण आहे, पण भिजलेला सुती मोजा फोड आणतो.

कुठला शूज कुठे

सॅलोमनचा स्पीडक्रॉस हा वारंवार शिफारस होणारा ट्रेल शूज. ५ मिमीचे बाणासारखे विरळ दात, १० मिमी ड्रॉप, मऊ रबर. पावसाळ्यातल्या मेळघाटासाठी उत्तम. गावातून टेकडीपर्यंत चार किलोमीटर डांबर आणि मुरूम तुडवावा लागत असेल तर चुकीची निवड. दातांची धार तेवढ्यातच जाते. शिवाय सॅलोमनची क्विकलेस ही एका ओढीत घट्ट होणारी बारीक दोरी कुलपात धूळ-चिखल गेला की अडकते, आणि तुटली तर तालुक्याच्या गावात तिचा जोड मिळत नाही. साधी नाडी दहा-वीस रुपयांत कुठल्याही दुकानात मिळते. त्याच कंपनीचा सेन्स राइड, ३.५ मिमी दात आणि ८ मिमी ड्रॉपचा, विदर्भाच्या वर्षभराच्या वापराला जास्त जुळतो. नाडीचा प्रश्न मात्र तिथेही आहेच. दोन्हींचा पंजा अरुंद.

होकाचा स्पीडगोट: ५ मिमी दात, व्हायब्रम मेगाग्रिप रबर, जाड फोम. गिट्टीवर आणि ओल्या दगडावर याच्याइतका आराम क्वचित मिळतो. लांब अंतर धावणाऱ्याने घ्यावा. ढेकळांत आणि भेगाळ वावरात मात्र त्याची उंची नडते.

आल्ट्राचा लोन पीक रुंद पंजाच्या माणसासाठी. चप्पल घालून किंवा अनवाणी वाढलेल्या आपल्या अनेकांची बोटं पसरलेली असतात, आणि त्यांना बाकी सगळे ब्रँड करंगळीला चावतात. २५ मिमी जाडी, बहुतेक आवृत्त्यांत रॉक प्लेट, मागे गेटर चिकटवायला वेल्क्रो. पांदणीसाठी कागदावर सगळ्यांत बरोबर जुळणारा हाच. अडचण एक, ड्रॉप शून्य. दहा-बारा मिमीची सवय असलेल्याने थेट यात उडी घेतली की पोटऱ्या आणि टाचेची शीर धरते. पहिले पंधरा दिवस फक्त चालायला वापरा, मग आठवड्याला दोन लहान धावा, असं करत दीड-दोन महिन्यांत पूर्ण अंतरावर या.

सॉकनीचा पेरेग्रीन ४ मिमी ड्रॉपचा. त्याच्या १२ आणि १३ या आवृत्त्यांत लवचीक रॉक प्लेट आहे. दात थोडे खोल असले तरी रबर स्पीडक्रॉसपेक्षा कडक जमिनीला जास्त सोसतं आणि नाडी साधी. एकच महागडी जोडी घ्यायची असेल तर आमचं मत याला.

बजेट कमी असेल तर असिक्सचा जेल-व्हेंचर बघा. टाच उंच, तळ टणक, रबर कडक, जरा जड. ओल्या दगडावर भरवसा नको, पण मुरूम-गिट्टीवर टिकतो आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांतही सापडतो. डेकॅथलॉनचे ट्रेल शूज, आधी एव्हाडिक्ट आणि अलीकडे किपरन नावाखाली, होका-सॅलोमनच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी. मॉडेलनुसार दात आणि प्लेट वेगवेगळी असतात, म्हणून वरच्या अंगठ्याच्या आणि नखाच्या चाचण्या तिथे करून घ्या; नागपूरच्या त्यांच्या दुकानात पायात घालून बघता येतं, ही मोठी सोय.

बाजारात या सगळ्यांच्या ‘फर्स्ट कॉपी’ मिळतात. वरून हुबेहूब, पण दात प्लास्टिकचे, नख दाबलं तर खूणसुद्धा पडत नाही, आणि शूज मधोमध घडी होतो. चांगला शूज पंजाच्या सांध्यावर वाकतो, मध्यावर नाही.

माप आणि काळजी

तालुक्याच्या गावी बसून मागवायचं तर नंबरावर जाऊ नका. सॅलोमनच्या तक्त्यात यूके ८ म्हणजे २६.५ सेंटीमीटर, नायकेच्या तक्त्यात २७. पाय संध्याकाळी मोजा; दिवसभराच्या उभं राहण्याने आणि उन्हाने तो सुजलेला असतो आणि धावतानाही तसाच होतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, सगळ्यांत लांब बोटापुढे खूण करा, दोन्ही पाय मोजा, मोठा धरा. त्यात एक सेंटीमीटर मिळवा आणि कंपनीच्या सेंटीमीटरच्या तक्त्यात त्याच्या जवळचा नंबर बघा. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात ती जागा कमी पडल्याने, किंवा टाच सैल राहिल्याने. दुसरं कारण असेल तर शेवटच्या जादा भोकातून नाडीचा फास करून टाच बांधा, नंबर वाढवू नका. आलेला शूज आधी घरात, स्वच्छ फरशीवर अर्धा तास घालून फिरा. तळाला माती लागली की परत घेत नाहीत.

काळ्या मातीने भरलेला शूज घरी आल्यावर जाड थर ओला असतानाच काडीने काढा, पण जाळीवरची माती ओली घासू नका, ती विणीत बसते. ती वाळू द्या, मग ब्रशने झटका, मग साध्या पाण्याने धुवा. इन्सोल आणि नाड्या वेगळ्या काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. बोळे दोन-तीन तासांनी बदला. मेच्या उन्हात, टिनाच्या छपराखाली, चुलीजवळ किंवा बंद गाडीत ठेवलेला शूज डिंक सोडतो, आणि पुढचं रबरी टोक आधी उघडतं. उघडलेलं टोक लगेच चिकटवलं तर वाचतं: दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरने खरवडा, धूळ पुसा, फेविबाँडसारखा डिंक दोन्हीकडे पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं बोटाला जेमतेम चिकटेल इतका सुकू द्या, मग दाबून दोरीने बांधा आणि दिवसभर हात लावू नका. मोच्याकडून तळाला गोल शिलाई मारून घेण्याचा मोह होतो. तळ टिकतो, पण प्रत्येक टाक्यातून पाणी आणि चिखल फोमपर्यंत जातो. पुढच्या टोकापुरतीच मारून घ्या.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर फोम दबतो. दात शिल्लक दिसतात म्हणून लोक वापरत राहतात आणि गुडघा दुखायला लागल्यावर कारण शोधतात. शूज टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कलली असेल, किंवा बाजूच्या फोमवर आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील, तर तो आता वावरात जायचा जोडा. आणि नवा असो की जुना, ओसरीवर रात्रभर ठेवलेला शूज पाय घालण्याआधी उलटा करून दोनदा आपटायचा; पावसाळ्यात विंचवाला ती जागा फार आवडते.